६०० एमएम आहे, तरी फोटो निवडला जात नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांबचे पक्षी टिपणारी ६०० एमएमची लेन्स आहे, दर रविवारी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाता, फोटो शार्प येतात, तरी तीन वर्षांत एकाही स्पर्धेत निवड नाही; आता कॅमेरा बदलू का?

नका बदलू. तुम्ही टाकलेले बाराही फोटो पाहिले. फ्लेमिंगो, चित्रबलाक, परत फ्लेमिंगो, आणि सगळे चापडगावच्या मनोऱ्यावरून खाली बघत काढलेले. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाल्यापासून तिथे रविवारी ट्रायपॉडला ट्रायपॉड लागतो. परीक्षकाला त्यातला तुमचाच का लक्षात राहावा?

एक पक्षी धरा. मी वारकरी धरला, काहीजण चांदवा म्हणतात तो. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. त्याच्याकडे कोणी लेन्स वळवत नाही. पण त्याला जागेवरून उडता येत नाही, आधी पाण्यावर धावत सुटावं लागतं. गोणपाटावर पालथं पडून लेन्स पाण्याच्या वीतभर वर धरली, की त्याच्यामागे उडालेल्या पाण्याची ओळ दिसते, एकेका पावलाची. ती नीट मिळायला मला दोन हिवाळे लागले. ऊन चढलं की थेंब फटफटीत पांढरे होतात. शटर १/२००० सेकंदापेक्षा बरंच संथ झालं की पाय पुसट येतात. (मला पुसटच जास्त आवडले, पण ते सोडा.)

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ मध्ये नयन खानोलकरांचा आरे कॉलनीच्या गल्लीतला बिबट्या शहरी विभागात जिंकला. नेहमीचाच प्राणी, पण जागा बघा. म्हणून लगेच बिबट्यासाठी निफाडच्या उसात कॅमेरे लावत सुटू नका. आधी वनखात्याला विचारा. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांच्या घरट्याजवळ जाणं, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणं, हेही नको. याच स्पर्धेने २००९ चा विजेता लांडगा पाळीव असावा असं ठरवून नंतर बक्षीस काढून घेतलं होतं.

आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, काहीही न बदललेली फाइल, जपा. माझा वारकरी एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गेला, त्यांनी रॉ मागितली. मी डिस्क भरली म्हणून जेपेग ठेवून रॉ उडवून बसलो होतो. बाद. घरी अजून बायको विचारते, "वारकऱ्याचं काय झालं?"

जमलं तर रविवारऐवजी मंगळवारी जा.