अपूर्णांकांचा गुणाकार: आधी घडी, मग नियम

पाचवीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय, म्हणून आवर्जून सांगते. ‘अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणा’ हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहू नका. मुलं पटकन पाठ करतात, पण उत्तराचा अर्थ विचारला की गप्प.

आधी प्रत्येकाला कोरा कागद द्या. उभ्या घड्या घालून चार सारखे पट्टे करायचे, तीन रंगवायचे. हा झाला पाऊण. आता कागद आडवा मधोमध दुमडून उघडायचा आणि खालच्या अर्ध्या भागातल्या रंगीत चौकोनांवर रेघा मारायच्या. एकूण चौकोन आठ, रेघांचे तीन. म्हणजे पाऊणचा अर्धा ३/८. छेदात आठ कुठून आले, हे मुलंच बोट ठेवून दाखवतात. इथे घाई करू नका, अख्खी तासिका गेली तरी चालेल.

मग घरातलं. शिऱ्याला दीड वाटी रवा लागतो, निम्म्या माणसांसाठी किती? ४० रुपये किलोचे टोमॅटो पाऊण किलो घेतले, तर? आकडेमोडीआधी ‘उत्तर मोठं येईल की लहान?’ हे रोज विचारा. गुणलं की वाढतंच, ही समजूत फार चिवट असते.

पुढे पूर्णांकयुक्त अपूर्णांक आले की सांभाळा. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद सतरंजीचं क्षेत्रफळ बरीच मुलं सव्वादोन काढतात, कारण दोन गुणिले एक आणि अर्धा गुणिले अर्धा एवढंच करतात. सतरंजीचं चित्र काढून चार तुकडे पाडा: २, १, १/२ आणि १/४. बेरीज पावणेचार चौरस मीटर.