पातळ कट आणि रिकामी जागा

प्रश्न : पूल खेळताना पॉकेटच्या (टेबलावरच्या भोकाच्या) तोंडाशी असलेले हलके कट, म्हणजे चेंडूला बाजूने मारून तिरका वळवायचे फटके, जातात. ६० अंशांचा कट मात्र दर वेळी जाड बसतो, म्हणजे चेंडूच्या मध्याकडे जास्त लागतो. चेंडूवरच्या ज्या ठिपक्याला लागायला हवं, नेम तर तिथेच धरतो. चुकतंय कुठे?

उत्तर : ठिपक्यावर नेम धरता, हेच चुकतंय. क्यू बॉल (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा चेंडू) बाजूने टेकतो, त्याचा मध्य तिथवर पोचतच नाही. ६० अंशांसाठी ठिपक्यावर नेम धरलात तर प्रत्यक्षात कट होतो जेमतेम २६ अंशांचा. हलक्या कटमध्येही हीच चूक होते, फक्त जवळचं पॉकेट ती पोटात घालतं.

ठिपका चेंडूच्या मध्यापासून जितका बाजूला दिसतो, त्याच्या दुप्पट अंतरावर नेम धरा. ३० अंशांना ही जागा बरोबर चेंडूच्या कडेवर येते. ६० अंशांना ती कडेच्याही बाहेर, सुमारे २१ मिमीवर असते. तिथे नुसतं कापड! म्हणूनच नजर चेंडूकडे ओढली जाते आणि शेवटच्या क्षणी हात जाड बाजूला वळतो. रेषा उभ्यानेच ठरवा. वाकल्यावर शंका आली तर क्यू सरकवू नका, उठून पुन्हा बसवा.

सरावासाठी पॉकेटच्या रेषेत, ऑब्जेक्ट बॉलच्या (पॉकेटमध्ये घालायच्या चेंडूच्या) मागे दुसरा चेंडू टेकवून ठेवा. क्यू बॉलला धडकेच्या वेळी नेमकं तिथे यायचंय. ती जागा क्यू बॉलमागून नीट बघून घ्या, तिथे कागदी रिंग चिकटवा, चेंडू उचला आणि मारा. दोन्ही चेंडूंच्या मध्यांमधलं अंतर ५७ मिमी, म्हणजे एका चेंडूचा व्यास.

तरीही काही शॉट चुकणारच. नेम १ मिमी हलला तर ६० अंशांच्या कटमध्ये चेंडू सुमारे २ अंश भरकटतो, ७५ अंशांना जवळजवळ ४. शिवाय ७५ अंशांना ऑब्जेक्ट बॉलला क्यू बॉलच्या वेगाचा फक्त चौथा हिस्सा मिळतो. उरलेल्या वेगाने क्यू बॉल कुठे जाणार, तिथे एखादं पॉकेट तर नाही ना, हे आधी बघा.

प्रश्न : नेम बरोबर असूनही हळू मारलेला अर्ध्या चेंडूचा कट (नेम चेंडूच्या कडेवर, म्हणजे ३० अंशांचा) जाड का जातो?

उत्तर : घर्षणामुळे. क्यू बॉल घसरत येऊन टेकतो तेव्हा ऑब्जेक्ट बॉलला आपल्या दिशेने थोडा ओढतो. हळू फटक्यात, तेही अर्ध्या चेंडूच्या आसपास, ही ओढ सर्वांत जास्त; चेंडू मळके असतील तर आणखी वाढते. चेंडू पुसा आणि केसभर पातळ मारा. डावीकडे कापताना क्यू बॉलला किंचित उजवी साइड (मध्याच्या उजवीकडे मारून दिलेली फिरकी) दिली तरी ओढ कमी होते, पण साइडमुळे क्यू बॉल स्वतःच डावीकडे ढकलला जातो. नेम पक्का होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.