भंगारातलं लोखंड वितळवायलाही वीज लागतेच, मग पर्यावरणाचा फायदा नक्की कुठे होतो?

शंका रास्त आहे. मी जालन्यात सळईच्या कारखान्यात भंगाराची खरेदी बघतो, त्यामुळे माझं मत भंगाराच्या बाजूने झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

वीज लागते आणि भरपूर लागते. आमच्या विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. ही सगळी वीज कोळशाची धरली तरी टनामागे अर्ध्या टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. तेच पोलाद खनिजापासून झोतभट्टीत केलं तर आकडा दोन टनांच्या वर जातो. कारण तिथे कोळसा नुसता उष्णतेसाठी जाळत नाहीत. लोहखनिज म्हणजे एका अर्थी गंजच. त्यातला ऑक्सिजन ओढून काढायलाही कोळसाच लागतो. भंगाराच्या बाबतीत हे काम कधीच होऊन गेलेलं असतं, आम्ही फक्त वितळवतो. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने एक टन भंगारामागे १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते.

ॲल्युमिनियममध्ये तर ९५ टक्के ऊर्जा वाचते. शिवाय त्याचं खनिज, बॉक्साइट, निघतं कुठून, तर आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या सड्यांवरूनही, म्हणजे सपाट कातळी माथ्यांवरूनही. एकदा खणलेला सडा पुन्हा तसा होत नाही.

आता कारखान्याच्या माहितीपत्रकात सापडणार नाही ते सांगतो. सळई 'भंगारापासून' म्हटली तरी भट्टीत नुसतं भंगार पडत नाही, बरोबर स्पंज आयर्नही पडतं, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं नवं लोखंड. आणि आपल्या देशात स्पंज आयर्न मोठ्या प्रमाणावर कोळशावरच होतं. म्हणजे पुढच्या दाराने वाचवलेला कोळसा मागच्या दाराने आत. हे करावं लागतं, कारण एक तर चांगलं भंगार पुरत नाही, आणि दुसरं म्हणजे मिळतं ते स्वच्छ नसतं.

उदाहरणार्थ फ्रिजचा कॉम्प्रेसर. बाहेरून काळं लोखंडी मडकं, आत मोटरीची तांब्याची गुंडाळी. गाडी रिकामी होताना आमची माणसं तो बाजूला ओढतात, वरची टोपी गॅसने कापतात आणि गुंडाळी उपटून काढतात. तांब्याला भाव आहे म्हणून तर काढायचीच. पण ती आत गेली तर त्रास जास्त. तांबं एकदा पोलादात उतरलं की भट्टीत ते जळून जात नाही, वर तरंगणाऱ्या मळीतही येत नाही. प्रमाण वाढलं की माल तापलेला असताना रोलखाली चिरतो. मग ते प्रमाण खाली आणायला काय टाकायचं? स्पंज. त्यामुळे माझ्या मते भंगाराचा पर्यावरणाला होणारा फायदा भट्टीत कमी आणि वर्गवारी करणाऱ्या माणसाच्या हातात जास्त ठरतो. त्या माणसाची मजुरी मात्र आमच्या धंद्यात सगळ्यात कमी. असो.

"लोखंड फेकू नका, भंगारात द्या" हा सल्ला मला आपल्याकडे पोकळ वाटतो. लोखंड फेकतो कोण? रस्त्यावर खिळा पडला तर तोही कुणीतरी उचलतो. ते पुढे कशा अवस्थेत जातं, याचा विचार करा. जुनी वायर असेल तर वरचं प्लॅस्टिक सोलून तांबं काढणाऱ्यालाच द्या. वायर जाळून तांबं काढतात तो पीव्हीसीचा धूर विषारी असतो, त्यात डायॉक्सिन असतं. तिथे तांबं वाचण्याचं कौतुक कसलं करणार! मिक्सर, पंखे, विजेच्या मोटरी पत्र्याच्या ढिगात दडपून देऊ नका, वेगळ्या दाखवा. भावही बरा मिळेल. बंद सिलिंडर, स्प्रेचे डबे, आत पाणी राहिलेला पाइप असलं काही तर लोखंडात अजिबात घालू नका. वितळलेल्या मालात बंद वस्तू पडली की ती फुटते आणि १६०० अंशांचं पोलाद भट्टीवर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर उडतं.

गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळाले तरी देऊ नका. नवी घेताना दुकानदाराकडेच जमा करा, तो किमतीत वजावट देतो. गल्लीत फोडलेल्या बॅटरीतलं ॲसिड गटारात जातं, आणि शिसं उघड्यावर वितळवलं की त्याचा धूर आसपासच्या पोरांच्या पोटात जातो.