न्यायालयातील दिवंगत सहकाऱ्याविषयी काय लिहावे?

प्रश्न: आमच्या न्यायालयात अनेक वर्षे पुकारा करणारे, साक्षीदारांना शपथेसाठी उभे करणारे आणि न्यायकक्षाची शिस्त सांभाळणारे अधिकारी नुकतेच वारले. वकील, कर्मचारी, दोन्ही बाजूंचे पक्षकार, सर्वांनाच ते आपले वाटत. शोकसभेत त्यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले असून घरच्यांना लेखी मजकूरही द्यायचा आहे. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ यापलीकडे काही सुचत नाही. काय लिहावे आणि काय टाळावे?
– एक वकील

उत्तर: दोन्ही बाजूंच्या पक्षकारांना ते आपले वाटत, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते लेखनाची सुरुवात तिथूनच करावी. न्यायालयात येणारा बहुतेक माणूस कोणाच्या तरी विरुद्ध उभा असतो आणि या पदावरील व्यक्तीला ना कायदेशीर सल्ला देता येतो, ना निकालाचा अंदाज सांगता येतो, ना एका पक्षाशी जास्त सलगी ठेवता येते. न्यायाधीशांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या बेंगळुरू तत्त्वांनी तर, आपल्या कर्मचाऱ्यांना गैरलागू कारणावरून माणसामाणसांत भेद करू देऊ नये, अशी जबाबदारीच न्यायाधीशांवर टाकली आहे. एवढ्या बंधनांत राहून माया करायची, तर ती लहानसहान कृतींतूनच होते: पुकाऱ्यात नाव नीट उच्चारणे, पहिल्यांदाच साक्ष द्यायला आलेल्याला कुठे उभे राहायचे, शपथ कशी घ्यायची आणि प्रश्न ऐकू आला नाही तर तसे सांगायला हरकत नाही, हे समजावणे, ज्यांचा आमनासामना टाळलेला बरा अशांना वेगवेगळ्या बाकांवर बसवणे, निकाल विरुद्ध गेलेल्या माणसाशी त्या क्षणी हलक्या आवाजात बोलणे. तुमच्या सहकाऱ्यांनी यांतले, किंवा यापेक्षा वेगळे, नेमके काय केले ते आठवा आणि एक-दोन प्रसंग सविस्तर लिहा. बडबड करणाऱ्या वकिलांना ते गप्प करत असतील, तर तेही अवश्य येऊ द्या, कारण त्यांच्या शिस्तीमुळेच कक्षातल्या दुबळ्या माणसाचे म्हणणे ऐकले जात होते.

एका गोष्टीला मात्र जपा. ‘आमचे काम त्यांनी चटकन करून दिले’, ‘त्यांच्यामुळे आम्हाला सोयीची तारीख मिळाली’ अशी वाक्ये लोक अगदी प्रेमाने बोलतात, पण ज्या माणसाने आयुष्यभर निःपक्षपणा सांभाळला, त्याच्यावर ती नकळत ठपका ठेवतात, आणि त्याचा खुलासा करायला तो आता नाही. इतर वक्त्यांनाही हे सभेआधी सांगून ठेवावे.

पक्षकारांची ओळख उघड होणार नाही याचीही काळजी घ्यावी. कौटुंबिक वाद, अत्याचाराचे खटले आणि मुलांशी संबंधित प्रकरणे यांत तर नाव बदलूनही भागत नाही, कारण गाव, वय, नाते अशा तपशिलांवरून माणूस ओळखता येतो. कायद्याचा भंग केल्याचा आरोप असलेल्या मुलाचे खासगीपण कार्यवाहीच्या प्रत्येक टप्प्यावर जपले पाहिजे, असे १९८९ च्या बालहक्क करारात स्पष्ट म्हटले आहे; शोकसभेतल्या आठवणीने त्याला धक्का लागता कामा नये. प्रसंग सांगताना अधिकाऱ्याची कृती पुरेशी आहे, खटला सांगण्याची गरज नाही. एखादा पक्षकार आपणहून बोलायला आला, तर त्याला जरूर बोलू द्यावे.

लिहिण्यापूर्वी लघुलेखक, शिपाई, अभिलेख कक्षातले कर्मचारी, दारावरचे पोलीस आणि सफाई करणारे यांच्याशी बोला. वकिलांसमोर माणूस जसा वागतो, त्याहून अधिक खरा तो कामकाज संपल्यावर या मंडळींना दिसलेला असतो.

घरच्यांसाठीचा मजकूर भाषणापेक्षा मोठा असला तरी चालेल. न्यायालयातल्या गोष्टी घरी बोलायच्या नाहीत, हे पथ्य पाळणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला, तो दिवसभर अनोळखी लोकांशी किती आपुलकीने वागत होता, हे बहुधा ठाऊकच नसते. हा मजकूर सभेपूर्वी त्यांना वाचायला द्या, आजारपणाचा उल्लेख त्यांना विचारूनच करा, आणि त्यांनी एखादे वाक्य वगळायला सांगितले, तर कारण न विचारता ते वगळा.