दर तू सांगायचास

अगं, अनुवाद एजन्सीला पाठवायच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर जरा जास्तच बोलले असते.

"आपल्या संस्थेत सेवेची संधी मिळावी, ही नम्र विनंती." खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावीपासूनची टक्केवारी. आणि अपेक्षित दरापुढे "आपल्या नियमानुसार". हा नोकरीचा अर्ज झाला. त्या एजन्सीला नोकर नकोच आहे, तिने तसं स्वच्छ लिहिलंय. तिला फ्रीलान्स अनुवादक हवाय. म्हणजे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, लॅपटॉप तुझा, वीज तुझी, पाठदुखीसुद्धा तुझीच. नोकरीतलं काहीच द्यायचं नसेल त्यांना, तर उमेदवाराची अजिजी तू कशासाठी करतेस? दर तू सांगायचास.

"जास्त सांगितला आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" असं तू विचारलंयस. जास्त म्हणजे कशाच्या मानाने जास्त? तू हिशेबच केलेला नाहीस. आधी तो कर. खोलीचं भाडं, डबा, घरी पाठवायचे पैसे, आरोग्यविम्याचा हप्ता. समज, महिन्याला ₹३५,००० लागतात. पुन्हा वाचून, शब्द तपासून नीट केलेला अनुवाद दिवसाला दोन हजार शब्दांच्या आसपास होतो. पण रोज काम येत नाही. काही दिवस मेलामेलीत जातात, काही बिलांच्या पाठपुराव्यात, काही नुसतेच रिकामे. महिन्यात पंधरा दिवस काम धरलंस तर तीस हजार शब्द झाले. शब्दाला एक रुपया सतरा पैसे मिळाले तर कसंबसं भागेल, आणि पुढच्या महिन्यात काम आलंच नाही तर हाती काही उरणार नाही. म्हणून तुझा दर दीड रुपयाच्या खाली येऊच शकत नाही. त्यांचं बजेट साठ पैशांचं असेल, तर तो त्यांचा हिशेब.

आणि दर मूळ मजकुराच्या शब्दांवर लाव. हे ठळक लिही. इंग्रजीत "इन द हाउस" हे तीन शब्द, आपल्याकडे "घरात" हा एकच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी मजकूर शब्दसंख्येने बहुधा कमीच भरतो. अनुवादातले शब्द मोजून पैसे देणारा माणूस तुझा दर न बोलता खाली आणतो.

चाचणीचं बघ. दोनशे-तीनशे शब्द फुकट करून द्यायला माझी हरकत नाही. तुला आलेला मजकूर पंधराशे शब्दांचा आहे, औषधाचं अख्खं माहितीपत्रक आहे. याला चाचणी म्हणत नाहीत. पहिले तीनशे शब्द मन लावून कर, पाठव, आणि उरलेल्याचा दर कळव. पुढेमागे यंत्राने केलेला अनुवाद "नुसता तपासून" मागतील. एका वाक्यात "तू" आणि पुढच्यात "तुम्ही", लिंग चुकलेलं, क्रियापद अधांतरी, असं ते असतं. निस्तरायला कधीकधी नव्याने करण्याइतकाच वेळ लागतो. त्याला शब्दाचा दर देऊच नकोस, तासाचा दे.

तुला कुणीतरी सांगेलच की मी या बाबतीत फार ताठ आहे. आहे. एका प्रकाशनसंस्थेने मला एक कादंबरी देऊ केली होती. मी ती आधीच वाचलेली होती, तिची पहिली पानं मराठीत कशी येतील हे कानात तयार होतं. मानधनाचं मात्र "नंतर बघू". मी आकडा सांगितला, ते हसले, मी पुस्तक परत केलं. पुढे दुसऱ्या कुणी ते केलं. तो अनुवाद अजून मी उघडलेला नाही, उघडवत नाही. माझ्या वाटणीचं ते पुस्तक होतं असं आजही वाटतं. पण "नंतर बघू" ऐकून मी ते घेतलं असतं, तर पुढच्या प्रत्येकीला तेच ऐकावं लागलं असतं. त्याच सुमारास कमी दरात कामं घेणाऱ्या दोघीतिघींना मी तोडून बोलले. त्यांच्या घरी काय अडचणी आहेत हे मला माहीत होतं. त्यातली एक परत बोलली नाही माझ्याशी. याचं वाईट वाटतं, फार वाटतं. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. आपल्यातली एक जण स्वस्तात गेली की तो बाकीच्यांचाही दर होतो, आणि मग आपली भाषाच स्वस्त आहे असं गृहीत धरलं जातं.

करारपत्राला घाबरलीयस ते उगाच. मजकूर गुप्त ठेवायची अट योग्य आहे, सही कर. काम संपल्यावरही दोन वर्षं दुसऱ्या एजन्सीचं काम करायचं नाही, हे कलम काढायला सांग. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ अशी बंदी मानत नाही. पगारी नोकराच्या कामावर सहसा मालकाचा हक्क असतो, स्वतंत्रपणे केलेल्या अनुवादावर आधी तुझा. तो हक्क द्यायचा तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच जातो. माहितीपत्रकाचा हक्क खुशाल देऊन टाक, पण दरात धरून. पुस्तकाच्या वेळी मात्र हे कलम परत परत वाच.

साठ दिवसांनी पैसे, ही अट मान्य करू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घे, ती मोफत आहे. कामाआधी ती झालेली असली तर २००६च्या एमएसएमई कायद्याखाली त्यांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. टीडीएस कापला म्हणून रडू नकोस, तो तुझ्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं की हिशेबात येतो. जीएसटीचा विचार वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या जवळ गेल्यावर कर.

आता तो अर्ज फाड आणि साधा मेल लिही. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणता विषय, दिवसाला किती शब्द, दर किती, पैसे किती दिवसांत. वडिलांचं नाव नको, विनंती नको. घासाघीस झाली तर आकडा तसाच ठेव आणि मुदत वाढवून माग किंवा काम कमी घे.

एक गोष्ट मला खरंच खटकली. एम. ए. मराठी वर लिहिलंस आणि सूक्ष्मजीवशास्त्राची बी. एस्सी. तळाशी एका ओळीत उरकलीस. अगं, औषधचाचण्यांमध्ये भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत संमतिपत्र द्यावं लागतं, २०१९च्या नियमांत ते स्पष्ट आहे. ती मराठी संमतिपत्रं अनेकदा वाचवत नाहीत, कारण करणाऱ्याला एकतर विज्ञान येत नाही, नाहीतर मराठी. तुला दोन्ही येतं. मेलची सुरुवात बी. एस्सी.पासून कर, आणि अशी चाचण्यांची कामं घेणाऱ्या आणखी चार ठिकाणी याच आठवड्यात पाठव. संमतिपत्राचा दर माहितीपत्रकाहून वरचा लाव, त्यात जबाबदारी जास्त असते. किती वरचा, ते मला विचारू नकोस. आकडा काढ आणि कळव.