पॅकहाऊसचे सॉफ्टवेअर : डीलरच्या डेमोवर नको, स्वतःच्या लॉटवर तपासा

आंबिया बहार (ऑक्टोबरपासून निघणारा संत्रा) तोंडावर आला की काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील शेतकऱ्यांच्या संत्रा उत्पादक कंपन्यांचे पॅकहाऊसच्या, म्हणजे माल निवडून पेट्या भरण्याच्या जागेच्या, सॉफ्टवेअरबद्दल प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे खाली घेतले आहेत.

प्रश्न : दिवसाला १० टनांची ग्रेडिंग लाईन आणि २० टनांची शीतखोली आहे. डीलर ‘पूर्ण ईआरपी’ (सगळी कामे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) घ्या म्हणतो. पगार, ग्राहक संपर्क, सेन्सर, ॲप, सगळेच त्यात येते. घ्यावे का?

नाही. तुम्हाला पाच कामे लागतात : गेटवरची आवक, ग्रेडिंग, खोलीतला साठा, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या माल-पैशाचा हिशेब) आणि विक्रीचे बिल. बाकी मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे भाग) म्हणजे न आलेल्या रोगावर फवारणी. प्रत्येक मॉड्यूलला रोज माहिती भरणारा माणूस लागतो. तो नसला की अर्धे रकाने रिकामे राहतात, आणि अर्धवट भरलेला साठा हा न लिहिलेल्या साठ्यापेक्षा घातक. पहिला हंगाम पाचांवरच काढा. ‘आत्ता घेतले तर स्वस्तात’ हे डीलरचे गणित आहे, तुमचे नाही.

डेमोत डीलर स्वतःची तयार माहिती दाखवतो. ती पाहू नका. तुमच्या एका लॉटच्या, म्हणजे एका शेतकऱ्याच्या एका वेळच्या मालाच्या, पावत्या पुढे ठेवा आणि तुमच्यासमोर भरायला लावा. उदाहरणार्थ, आवक २,००० किलो. निघाले : अ ग्रेड ७००, ब ग्रेड ६२०, चुरी (बारीक फळ) ३८०, छाटण (टाकाऊ फळ) २४०. बेरीज १,९४०. उरलेले ६० किलो, म्हणजे ३ टक्के, ही घट. बहुतेक कारखानी सॉफ्टवेअर अनेक कच्च्या मालांतून एक वस्तू बनते असे धरून चालते. आपल्याकडे उलटे आहे, एका लॉटचे चार ढीग होतात. चारही ढिगांवर मूळ लॉट नंबर टिकतो का, घट कारणासह नोंदवता येते का, एवढेच बघा. घटीला रकाना नसेल तर मुनीम ती चुरीत ढकलतो आणि पट्टी चुकते.

मग उलटी चाचणी घ्या. विकलेल्या एका पेटीचा नंबर द्या आणि कोणत्या बागेचा, कोणत्या तोड्याचा माल ते विचारा. पाच मिनिटांत उत्तर नाही आले तर चहा पाजून निरोप द्या.

प्रश्न : सॉफ्टवेअर आहे, तरी वजन कधीच जुळत नाही.

दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. तीन जागा तपासा.

पहिली, कॅरेटचे वजन. संगणकात १.५ किलो टाकले आणि ओली, जुनी कॅरेट १.८ भरली, तर १०० कॅरेटला ३० किलोचा फरक पडतो. प्रत्येक प्रकारची २० कॅरेट स्वतः तोलून सरासरी भरा आणि दर हंगामात पुन्हा तोला. दुसरी, हाताने टाइप केलेले वजन. काट्याचा आकडा केबलने थेट पडद्यावर आला पाहिजे. काट्याचे वार्षिक मुद्रांकन झाले आहे का तेही बघा.

तिसरी आणि खरी जागा म्हणजे लाईन. एका शेतकऱ्याचा माल संपायच्या आत दुसऱ्याचा धुलाईच्या हौदात ओततात. तिथे मिसळलेला लॉट जगातले कुठलेही सॉफ्टवेअर वेगळा करत नाही. दोन लॉटांमध्ये लाईन पूर्ण रिकामी होऊ द्या. पाच-सात मिनिटे जातील, जाऊ द्या. प्रत्येक कॅरेटला प्लास्टिकची लॉट चिठ्ठी बांधा. शीतखोलीत ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवतो, तिथे साधा कागदी स्टिकर दोन दिवसांत गळतो. चिठ्ठीवर तोड्याची तारीख हवी, आवकेची नव्हे, कारण जुना माल आधी काढायचा तो तोड्यावरून.

लॉट चिठ्ठी आणि रोज संध्याकाळी आवक-जावकेचा मेळ, एवढे महिनाभर वहीवर जमत नसेल तर सॉफ्टवेअर घेऊच नका. हे मी प्रत्येक कंपनीला सांगतो, पुन्हा सांगतो : आधी वही, मग संगणक.

प्रश्न : हिशेबाला टॅली आहे. तेवढ्यावर भागेल का?

माल त्याच दिवशी नागपूरच्या कळमना बाजारात जात असेल आणि खोलीत थांबत नसेल, तर भागेल. बॅच आणि गोदामाची सोय त्यात आहे. मात्र प्रतवारीनुसार पट्टी, हमाली-तोलाईची कपात, उचल आणि शेतकऱ्याकडे अडकलेल्या रिकाम्या कॅरेटचा हिशेब तुम्हाला बाहेर ठेवावा लागेल. माल आठवडाभर खोलीत राहायला लागला की वेगळी व्यवस्था बघा.

काहीही घ्या, तुमची उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालची आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. हिशेब ८ वर्षे जपायचे आहेत. ‘जुनी नोंद गुपचूप दुरुस्त करता येते’ ही खुबी म्हणून सांगणाऱ्या डीलरला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : कधी बसवावे?

ऑक्टोबरात नाही. पुन्हा लिहितो, आंबियाची आवक चालू असताना नाही. डीलर नेमका तेव्हाच येतो, कारण तुम्ही घाईत असता. मृग बहाराचा (फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणारा) माल आटोपल्यावर, एप्रिलमध्ये, ३१ मार्चचा साठा मोजून सुरुवात करा. मे-जूनमध्ये शेतकरी, बागा, ग्रेड यांच्या याद्या भरा. नावे युनिकोड मराठीत असावीत, आणि लेबल प्रिंटर ती छापतो का ते आधी पाहा. पावसाळ्यात मृगाच्या जुन्या पावत्या भरून सराव करा. वीज जाऊन इंटरनेट तुटले तर गेटवरची नोंद थांबते का, हेही तेव्हाच मुद्दाम मेन स्विच पाडून बघा.

पैसे एकरकमी देऊ नका. तीन वर्षांचा सगळा खर्च लेखी घ्या : परवाना, वार्षिक देखभाल, दर वापरकर्त्याचे शुल्क, बदलांचे पैसे. शेवटचा हप्ता हंगाम संपल्यावरच द्या. करार मोडला तर सगळी माहिती एक्सेलमध्ये परत मिळेल, हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका.

प्रश्न : अनुदान?

पॅकहाऊस आणि शीतगृहाच्या कर्जाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंत ३ टक्के व्याज सवलत, कमाल ७ वर्षे. सॉफ्टवेअर प्रकल्प अहवालात धरता येईल का, हे खरेदीआधी बँकेकडून लेखी घ्या. ‘सबसिडी मी काढून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रुपयाही देऊ नका.