कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन पहिल्यांदाच कोकणात जाताय?

समुद्राच्या फोटोंवर भाळून गाडी लावून मुक्काम करायची जागा ठरवू नका. आधी जागेच्या मालकांना फोन करून रस्ता कसा आहे ते विचारा. गुहागर, मुरुडसारख्या गावांत वाड्यांमधून जाणारे रस्ते अरुंद, त्यात वर लोंबत्या तारा. उंच गाडी हमखास अडकते.

गाडी नारळाखाली कधीच लावू नका. नारळ सोडा, वाळलेली झावळ पडली तरी काच फुटते. सुरूची सावली बरी. पुळणीवर तर अजिबात उतरवू नका: ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत होते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

एका ठिकाणी 'वीज आहे' म्हणाले आणि स्वयंपाकघरातून साधी वायर ओढून दिली. एसी लावला की फ्यूज उडायचा, रात्रभर घामाघूम! म्हणून १५ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आहे का, हे स्पष्ट विचारा. गाडीतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, तेही.

पण वेळणेश्वरला एका घरच्या वाडीत उतरलो, तिथल्या काकूंनी सकाळी आपणहून गरम घावणे आणून दिले. अशी माणसं मोठ्या रिसॉर्टात भेटत नाहीत, म्हणून मी घरगुती जागाच सुचवीन. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा पत्रा खाते.